छत्रीवाला दीर

धाकटा दीर छत्रीधारी सैनिक झाला तेव्हा सासूबाईंना वाटलं, बरं झालं, सरकारनं पोराला पावसाची छत्री दिली. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात तो सुट्टीवर सोलापूरला आला, तेव्हा खरं काय ते कळलं.

"चालत्या विमानातनं उडी? का रं, ते खाली उतरत न्हाय व्हय?"

"उतरतंय की अव्वा. मलाच दम धरवत न्हाय."

आमचं घर अक्कलकोटकडचं, निम्मं बोलणं कानडीत. त्यामुळं आई म्हणजे अव्वा.

मग त्यानं आम्हाला पडायला शिकवलं. पाय जोडायचे, गुडघे सैल सोडायचे, कुशीवर लोळायचं. स्वतः माळवदावरून कडब्याच्या ढिगावर उडी टाकली. मी पदर खोचून ओट्यावरून टाकली. सासऱ्यांनी तोंडापुढं पेपर धरला, पण पेपर गदगदा हलत होता. "लाजा सोडल्या सगळ्यांनी," म्हणून सासूबाई आत गेल्या. दुपारी सामसूम बघून त्यांनीही हळूच एक उडी मारली. मी आणि दीर खिडकीतून बघत होतो.

डिसेंबरात लढाई पेटली. तिकडं पूर्वेला तो विमानातून सुखरूप उतरला, आणि दुसऱ्या दिवशी जखमी सोबत्याला ओढून आणताना त्याला गोळी लागली. तार आली. त्यानंतर सासूबाई आम्हाला वाढायच्या, स्वतः मात्र पाण्याबरोबर दोन घास कसेबसे गिळायच्या.

उन्हाळ्यात तोच सोबती काठी टेकत घरी आला. गढवालचा, कोवळा पोरगा. दिराच्या फोटोपुढं हात जोडून हिंदीत म्हणाला, "उडी मारायच्या आधी आम्ही सगळे तुमच्या देवाचा मंत्र म्हणायचो. त्यानंच शिकवलेला." आणि डोळे मिटून खणखणीत आवाजात म्हणाला, "अव्वा, ऊटा कोडु!"

कानडीत त्याचा अर्थ, आई, जेवायला वाढ. अख्खी तुकडी विमानाच्या दारात उभी राहून भक्तिभावानं जेवण मागत होती!

आधी सासरे हसले, मग मी. सासूबाई तर तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या, की डोळ्यांतलं पाणी कशाचं ते कळेना. पोरगा बिचारा भांबावला. "कुछ गलत बोला, माँजी?"

"न्हाय रं लेकरा, बरोबर बोललास." त्याचा हात धरून त्यांनी त्याला चुलीजवळ बसवलं आणि भाकरी थापायला घेतली. तो पुरे पुरे म्हणत होता, त्या वाढतच होत्या. आणि मधूनच एक तुकडा मोडून स्वतःच्याही तोंडात टाकत होत्या.