दाल-सूनं खाल्लेलं पुस्तक

लिही गं पोरी, आजी सांगते तसं नीट लिही. जिथं आता तुझी सायकल असते ना, त्या मागच्या खोलीत दाल-सू नावाचा पोरगा राहायचा. तेव्हा मी इथं देगू शहरात पोरांना जेवणासकट खोल्या द्यायची. हा डोंगरातल्या गावचा, कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत दोनदा इंग्रजीत आपटलेला.

तेव्हा पोरांची रीतच होती, पाठ झालं की शब्दकोशाचं पान फाडायचं न् चावून गिळायचं. म्हणजे विसरत नाही म्हणे. बाकीची पोरं एखादं पान खायची, हसायची, संपलं. दाल-सू हसायचा नाही.

"मावशी, मोठे शब्द राहतात डोक्यात," तो म्हणायचा. "हे जोडीचे छळतात. 'गिव्ह' म्हणजे देणं. त्याला 'अप' चिकटलं की हार मानणं, 'इन' चिकटलं की नमतं घेणं. देण्याचा पत्ताच नाही."

"अरे, आपलं नाही का तसंच? खाणं वेगळं, खाऊन बसणं वेगळं. तू आधी भात खा."

भात तसाच राहायला लागला. पुस्तक मात्र बारीक होत गेलं. एक दिवस त्याचं अंथरूण उन्हात घालायला गेले, तर उशाशी भिंतीला लावलेला कागदच नाही. नुसती माती, तिच्यावर नखांचे ओरखडे. कडेला उरलेल्या तुकड्यावर त्याचं इंग्रजी. पुस्तक संपलं, तर पोरगा भिंतीवर लिहून खात होता.

मी त्याच्या आईला निरोप धाडला. ती परीक्षेच्या आदल्या दिवशी आली, तिनं भिंतीवरनं हात फिरवला. सकाळी बाकीच्या आया परीक्षा होती त्या शाळेच्या फाटकाला चिक्की चिकटवत होत्या, पोरगं कॉलेजाला चिकटावं म्हणून. ही माझ्या चुलीपाशी समुद्री शेवाळाचं सूप ढवळत बसली. आपल्या कोरियात परीक्षेच्या दिवशी ते कुणी तोंडाला लावत नाही; शेवाळ बुळबुळीत, माणूस घसरतो, म्हणजे नापास होतो म्हणे.

"अगं, काय करतेस हे?"

"घसरू दे, ताई. घरी तरी येईल."

दाल-सूनं वाडग्यात बघितलं, आईकडं बघितलं. सगळं प्यायला. "मीठ बेताचं आहे, आई," म्हणाला न् गेला.

निकाल लागला. पास. इंग्रजीत तर सगळ्यांच्या वर. आई पायरीवर बसलेली. मी हातात तांदळाची गोड वडी ठेवली, ती तिनं तशीच धरून ठेवली.

"ताई," तिनं विचारलं, "कॉलेजातली पुस्तकं किती जाड असतात हो?"

मला तर अक्षरही येत नाही. आत तो सामान बांधत होता. कागद फाटल्याचा आवाज आला. भिंतीला नवा कागद मी कालच लावला होता.