जन्नतबींच्या भट्टीवरची कॉफी

लातूरच्या गंजगोलाई बाजारापासून दोन गल्ल्या आत फुटाण्यांची एक भट्टी आहे. भट्टीवर बसणाऱ्या जन्नतबी कढईकडे फारसं बघत नाहीत. तापलेल्या वाळूत हरभरा पडला की मान जराशी वाकडी करून ऐकतात. कुठल्या आवाजाला चाळणी उचलायची, हे त्यांना सरावानं कळतं. नवरा गेल्यावर 'भट्टी विकून टाका' असं सांगणारे पुष्कळ भेटले. जन्नतबींनी कुणाचं ऐकलं नाही. कान त्यांनी भट्टीसाठी राखून ठेवले होते.

भूकंपाच्या साली, त्र्याण्णवला, ही भट्टी सलग तीन आठवडे थंड झाली नाही. घराची एक भिंत कलली होती. तिला वासा लावून जन्नतबी कामाला बसल्या, आणि किल्लारीकडे जाणाऱ्या मदतीच्या गाड्यांत फुटाण्यांची पोती चढत राहिली. त्याच दिवसांत नीलम्मा आल्या. चिकमंगळूरच्या डोंगरात त्यांची दोन एकर कॉफी. आई उदगीरची, म्हणून मराठी येत होती, कानडी हेल घेऊन. दवाखान्यात जखमींजवळ बसलेल्या लोकांना काहीतरी गरम मिळावं म्हणून त्या घरची कॉफी घेऊन आल्या होत्या. पाणी उकळायला त्यांनी या भट्टीशेजारीच चूल मांडली.

पहिला घोट घेऊन जन्नतबींनी तोंड वाकडं केलं. "अक्का, हे काय गं? जळक्या हरभऱ्याचं पाणी?"

"अर्धा कप पी, मग बोल. उरलेला अर्धा मागून घेशील."

जन्नतबींनी मागून घेतला. नीलम्मा अकरा दिवस राहिल्या आणि गेल्या. मैत्री मात्र राहिली. ईदला इकडून फोन जायचा, उगादीला, म्हणजे पाडव्याला, तिकडून यायचा.

पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत लातूरचा चेहराच बदलला. घराघरांवर मजले चढले, मजल्यामजल्यावर क्लास आणि हॉस्टेल. नांदेडकडून, नायगावहून, हिमायतनगरहून मुलं-मुली वह्यांचे गठ्ठे घेऊन येऊ लागली. क्लासच्या गल्लीत गुरुबसप्पांचा चहाचा स्टॉल होता. पहाटेपासून तिथं उभं राहायला जागा नसायची.

अशा एका जानेवारीत चिकमंगळूरहून एक पोतं आलं. आत हिरवट, कच्च्या कॉफीच्या बिया आणि हातानं फिरवायची एक लोखंडी चक्की. मागोमाग नीलम्मांचा फोन.

त्यांच्यासारखे अठरा छोटे बागायतदार एकत्र आले होते. त्यांची कॉफी मोठ्या झाडांच्या सावलीत वाढते. फणस, उंबर, जांभूळ. पानगळीनं माती ओली राहते, पाखरं राहतात, उन्हाळ्यातही झरा वाहतो. पण दलालाला त्याचं काय? झाडं तोडून उघड्यावर पिकवलेली कॉफी आणि ही कॉफी तो एकाच भावात उचलायचा. तिकडे एक लाकडाचा व्यापारी फणसाच्या बुंध्यांना दोरी लावून घेर मोजून गेला होता.

"उगादीला आमची बैठक हाय," नीलम्मा म्हणाल्या. "तोवर आपली कॉफी थेट विकून दाखवली तर झाडं राहतील. न्हाई तर लोक लाकूडवाल्याला हो म्हणणार. मी त्यांना तुझं नाव सांगितलंय, जन्नतबी. म्हटलं, लातुरात माझी बहीण भाजायचं काम करते."

"मग झालं तर! दाणा कोणताही असू दे, भाजायचं माझ्यावर सोड," जन्नतबी म्हणाल्या.

आणि तिथंच चुकल्या. हरभरा भाजायचा तर आधी त्याला पाण्याचा हात लावतात, गोणपाटाखाली रात्रभर मुरवतात. मग तो वाळूत टपोरा फुटतो. जन्नतबींनी मोठ्या मायेनं अर्ध्या पोत्याला पाणी लावलं, गोणपाट घातलं आणि दुसऱ्या दिवशी तापल्या वाळूत बिया ओतल्या. बिया वरून काळ्या झाल्या, आतून कच्च्याच राहिल्या, वर वाळूची कच. जन्नतबींना वाटलं, कॉफी अशीच असते. सून नाझनीननं दळून दिली, आणि पूड गुरुबसप्पांच्या स्टॉलवर गेली.

संध्याकाळी गुरुबसप्पा डबा परत घेऊन स्वतःच आले. "जन्नतबी, पोरं थुंकायलीत. एक म्हणतं, अप्पा, हे तळ्याचं पाणी हाय का? त्या डोंगरवाल्यांनी सडका माल दिला तुम्हाला. पुन्हा माझ्या स्टॉलवर कॉफीचं नाव काढू नका."

जन्नतबींनी चिमूटभर पूड उकळवून चाखली. अकरा दिवस प्यायलेल्या कॉफीची चव त्या विसरल्या नव्हत्या. ही ती नव्हती. माल सडका आला म्हणून सांगितलं असतं तर इथं कुणाला कळणार होतं? त्यांनी नाझनीनला फोन लावायला सांगितला.

"अक्का, माल चांगला होता. माझ्या हातानं बिघडला. अर्धं पोतं गेलं."

"काय केलंस?"

"पाणी लावून मुरवला. हरभऱ्यासारखा."

पलीकडून नीलम्मा ओरडल्या, "पाणी? अगं बाई, तेच पाणी काढायला आम्ही तीन आठवडे उन्हात बसतो!" आणि हसू लागल्या. हसू ओसरल्यावर म्हणाल्या, "मी येते. उरलेल्याला हात लावू नको."

चौथ्या दिवशी त्या आल्या. भट्टीपाशी बसल्या आणि आधी सरपणाकडे बघितलं. "हे कशाचं लाकूड?"

"बाभळीचं. का?"

"माझा फणस वाचावा म्हणून तू बाभूळ जाळणार?"

जन्नतबींना राग आला. भट्टी काय हवेवर चालते? पण बोल मनात रुतला. दुसऱ्या दिवशी रेणापूरकडून एक बैलगाडी भरून तुराट्या आल्या. तूर झोडपून झाली की उरणाऱ्या काटक्या, ज्या शेतकरी बांधावर पेटवून देतात. तुराटी भसकन पेटते आणि लगेच विझते. सारखी घालत बसावी लागते, म्हणून भट्टीवाले तिच्या वाटेला जात नाहीत. कॉफीला मात्र तीच लागू पडली. बाभळीचा निखारा थांब म्हटलं तरी थांबत नाही, तुराट्या घालणं थांबवलं की आच तिथल्या तिथं उतरते.

वाळू काढून रिकाम्या कढईत मूठभर बिया पडल्या. नीलम्मा म्हणाल्या, "रंग बघ."

"रंग तू बघ. मला ऐकू दे."

जन्नतबींनी मान वाकडी केली. बराच वेळ नुसती सळसळ. मग एक तडकल्याचा आवाज, मग दोन, मग वाळल्या काटक्या मोडाव्यात तसे कितीतरी. तो आवाज विरळ होताच त्यांनी हातातल्या तुराट्या खाली टाकल्या आणि कढई उपडी केली. नीलम्मांनी एक बी चावून बघितली आणि जन्नतबींचा काळा झालेला हात आपल्या हातात घेतला.

आता राहिला गुरुबसप्पांचा स्टॉल. अप्पा ऐकायला तयार नव्हते. "एकदा तोंड पोळलंय पोरांचं."

"तर मग मीच सांगते त्यांना," म्हणत जन्नतबी सकाळी सहाला स्टॉलसमोरच्या बाकड्यावर चढून उभ्या राहिल्या. वय साठीकडे झुकलेलं, पदर खोचलेला. "पोरांनो, मागल्या खेपेची कॉफी म्या बिघडवली होती. पिकवणाऱ्यांची काई चूक न्हवती. आज नीट भाजली हाय. पिऊन बघा. न्हाई आवडली तर माझ्या नावानं थुंका, त्यांच्या न्हाई."

पोरं हसली. हिमायतनगरची दामिनी, मेडिकलची तयारी करणारी, आधी पुढं आली. तिनं घोट घेतला, डोळे मोठे केले आणि म्हणाली, "अप्पा, आणखी एक. आणि ह्याच्यातलं किती त्या बागवाल्यांना जातं?"

गुरुबसप्पा जन्नतबींकडे बघू लागले. गंजातल्या आडतीत रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, आणि ज्याचा माल त्याला तो शेवटी कळायचा. जन्नतबींच्या वडिलांनी तसाच हरभरा विकला होता. "पाटीवर लिही," त्या दामिनीला म्हणाल्या. "बागेला किती, भट्टीला किती, अप्पाला किती. सगळ्यांना दिसू दे."

"माझंबी लिहायचं?" गुरुबसप्पा दचकले.

"तुम्ही काय रुमालाखाली बसलाव का, अप्पा?"

पाटी लागली. उरलेलं अर्धं पोतं नऊ दिवसांत संपलं, आणि दुसऱ्या स्टॉलवाल्यांनी भट्टीवर येऊन विचारायला सुरुवात केली. उगादीच्या आठ दिवस आधी जन्नतबींनी पुढच्या चार पोत्यांची मागणी सांगितली. उगादीच्या दिवशी त्या सकाळपासून फोनजवळ बसून होत्या. भट्टीचं काम नाझनीननं बघितलं. दुपारी फोन वाजला.

"अठरापैकी सतरा हात वर," नीलम्मा म्हणाल्या. "झाडं राहिली."

"आणि अठरावा?"

"त्याचा भाऊच लाकूडवाला हाय."

मे महिन्यात चार पोती उतरली. सोबत आलेल्या पाचव्या पोत्यात घेर मोजलेल्या झाडाचा एक भलामोठा फणस होता. गरे गल्लीत वाटले गेले, आठळ्या, म्हणजे गऱ्यांतल्या बिया, जन्नतबींच्या पुढ्यात राहिल्या. वाळू तापली होती. त्यांनी तांब्याकडे हात नेला, थबकल्या आणि नाझनीनला हाक मारली.

"अक्काला फोन लाव आधी. विचार, ह्याला पाणी लावायचं का न्हाई?"