आप्पांचा तडकलेला फोन

कुठलाही नवीन फोन हातात दिला की आप्पा तो आधी उन्हात धरत. "सावलीत काय, कुनाचंबी दिसतंय," म्हणत. भीमेपलीकडं, शिरूरच्या हद्दीत मेंढरं राखणारा हा म्हातारा बाजाराला दौंडला आला की आमच्या ऑफिसात टेकायचा. आमचा बिनपगारी तपासनीसच.

मी मोबाईलची ॲप्स करतो. खरं सांगायचं तर वेबसाइट करतो आणि तिच्यावर ॲपचं टरफल चढवतो. एकदाच लिहायचं, सगळ्या फोनवर चालवायचं. आळशी माणसाला याहून सोयीचा धंदा नाही.

"मंग आतलं कुठं असतंय?" आप्पांनी विचारलं होतं.

"सर्व्हरवर, आप्पा. नेटवरून येतं."

"म्हंजी शेंगा घरी आन् टरफल खिशात."

बिबट्याची वर्दी देणारं ॲप मी केलं. बटण दाबलं की आसपासच्या सगळ्यांचे फोन खणखणणार. पहिल्याच पानावर माझा हसरा फोटो. उरलेल्या सगळ्या ॲपपेक्षा त्या एका फोटोचेच एमबी जास्त. आप्पांच्या तडकलेल्या फोनवर ते ऑफिसच्या वायफायवर झटकन उघडलं.

"रानात यून दाव," आप्पा म्हणाले. "तितं फोन लागतो, मेसेज जातो, तुजं पान तेवढं यायचं न्हाई."

"पुढच्या व्हर्जनमध्ये बघू," मी म्हणालो. आमच्या धंद्यात याचा अर्थ 'कधीच नाही' असा होतो. आप्पांना तो माहीत नव्हता.

उद्घाटनाला मला शाल मिळाली आणि दुर्दैवानं माइकही. "आता आरडाओरडा नको, फोन करत बसू नका. फक्त बटण दाबा!" समोर बसलेल्या आप्पांनी मान हलवली.

महिनाभरात, दिवेलागणीला, बिबट्या त्यांच्या मेंढवाड्याशी आला. आप्पांनी ॲप उघडलं. पांढरा पडदा, गरगर फिरणारं चक्र, मग माझा फोटो, कपाळापर्यंतच. शेजारच्या उसात चौघं पाणी धरत होते. एका हाकेवर आले असते. पण आप्पा शिकलेल्या माणसाचं ऐकून गप उभे राहिले. बिबट्यानं काळ्याला उचललं. बायको गेल्यापासून आप्पा बोलायचे ते त्या कुत्र्याशीच.

दुसऱ्या दिवशी ते आले. शिव्या बसणार म्हणून मी घाईनं चहा सांगितला. त्यांनी फोन टेबलावर ठेवून ॲप उघडलं. झटकन उघडलं.

"हितं चालतंय की," आप्पा म्हणाले. "बिबट्यालाच हितं आनाय पायजे हुतं. माजंच चुकलं."

चहा न घेता गेले. पुढं मेंढरं विकली म्हणतात. ऑफिसात पुन्हा आले नाहीत.

पानं फोनमध्येच ठेवायची आणि बटणानं साधा मेसेज पाठवायचा, एवढीच दुरुस्ती होती. आप्पा येऊन गेले त्याच दिवशी बसलो. जेवायच्या आधी झाली.

आप्पांचा फोन अजून माझ्या खणात आहे. ते विसरून गेले, असं मी सगळ्यांना सांगतो.