आत्याची जर्मन

माणूस कुठलाही असो, त्याला चार वाक्यं बोलू द्यावीत, माझी आत्या डोळे मिटून त्याचं गाव सांगते. आणि तो माणूस नाही म्हणाला तर त्यालाच स्वतःचं गाव नीट ठाऊक नसणार, असं आमच्या घराण्यात मानलं जातं. माझ्या लग्नात बायकोकडचे एक काका सूट घालून मांडवभर 'आम्ही मूळचे पुण्याचेच' असं सांगत फिरत होते. आत्या त्यांच्या पाठीमागं हातात जिलबी घेऊन उभी. तिनं डोळे मिटले, दोन वाक्यं ऐकली आणि म्हणाली, "पुणं नंतरचं. लहानपण तुमचं भोकरदनच्या अंगाला गेलंय." काका आधी लाल झाले, मग पांढरे झाले आणि शेवटी हळूच म्हणाले, "आजोळी होतो. आठ वर्षं." त्यानंतर मांडवातली पुण्याची कथा बंद पडली, आणि जेवण होईपर्यंत काका आत्याच्या शेजारी बसून भोकरदनच्या बोरांबद्दल बोलत राहिले. जाताना त्यांनी तिला वाकून नमस्कार केला. मुलीकडच्यांनी मुलाच्या आत्याला नमस्कार करायचाच असतो, पण एवढा खाली कुणी वाकत नाही.

हे कान तिला नोकरीनं दिले. तीस वर्षं ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. ट्रंक कॉल लावून द्यायचे, तीन मिनिटं झाली की मध्ये तोंड घालून तसं सांगायचं, हे तिचं काम. नोकरी सुटली, सवयी राहिल्या. समोरासमोर बसून गप्पा मारतानाही ती उठताना "बरं, ठेवते" म्हणते. कंटाळवाणा पाहुणा आपल्या गुडघ्यांची हकिकत सांगायला लागला की तीन मिनिटांनी तिचा आवाज एकदम सरकारी होतो: "तीन मिनिटं झाली. वाढवायचंय?" बहुतेक लोक वाढवत नाहीत. लग्नाच्या फोटोंत ती हटकून डोळे मिटलेली दिसते, कारण फोटो काढणारा जे काही बोलत असतो ते ती ऐकत असते.

क्रांती चौकापासून दहा मिनिटांवर तिचं दुमजली घर आहे. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा श्रीकांत दक्षिण जर्मनीत नोकरीला, सून तिकडचीच. वरचा मजला आत्या भाड्यानं देते. भाडेकरू निवडताना ती त्यांना वरच्या खोलीत मोठ्यानं बोलायला लावते आणि आपण खाली बसून ऐकते. "रोज जो आवाज डोक्यावर बसणार, तो आधी ऐकून घ्यावा," हे तिचं म्हणणं. तीन वर्षांपूर्वी या परीक्षेत हाइके नावाची एक जर्मन बाई पहिल्या फटक्यात पास झाली. तिचा नवरा इथल्या एका कारखान्यात इंजिनिअर म्हणून आला होता. तो सकाळी जाई आणि दिवे लागल्यावर परत येई. हाइके दिवसभर खिडकीत उभी राहून गल्लीतल्या हाका ऐके. तिचं नाव कळल्यावर आत्याला कोण आनंद झाला! "बघ, आईबापानं नावच 'आयका' ठेवलंय. हिला भाषा शिकवायला काय अवघड?" तेव्हापासून ती आयका झाली, आणि आमच्या कानांना "ए आयका, आयक की जरा!" ही हाक सवयीची झाली.

हाइके येतानाच थोडं मराठी शिकून आली होती, मोबाइलवर. पहिल्यांदा शहागंजला भाजी घ्यायला गेली तेव्हा गवारीच्या ढिगासमोर हात जोडून म्हणाली, "कृपया मला अर्धा किलो गवार देण्याची कृपा कराल का?" भाजीवाली तागडी हातात धरून बघतच राहिली. "बाई, भाजी घ्यायलाय का बातम्या द्यायलाय?" हाइकेला ते कळलं नाही, पण आजूबाजूच्या बायका हसल्या तेवढं कळलं, आणि ती रिकामी पिशवी घेऊन परत आली. जिन्यात तिला आत्यानं गाठलं आणि दुसऱ्या दिवसापासून ताब्यात घेतलं.

आत्याच्या शाळेत पुस्तक नाही, वही नाही, व्याकरणाचं तर नावच नाही. पहिले पंधरा दिवस तोंड उघडायचं नाही. रोज सकाळी दोघी शहागंजमध्ये एका बंद दुकानाच्या पायरीवर डोळे मिटून बसत, आणि लोक त्यांना बघून आवाज खाली आणत, मग आत्या डोळे न उघडता ओरडे, "बोला, बोला! तुमच्यासाठीच बसलोय!" सोळाव्या दिवसापासून बोलायचं, पण इंग्रजी शब्द आला की एका शब्दाला एक वाटी डाळ निवडायची. मी एकदा गेलो तर हाइके तुरीच्या डाळीच्या परातीत मान घालून बसलेली. "आज काय झालं?" मी विचारलं. ती म्हणाली, "आज मी लई सॉरी म्हणाले." आणि लगेच जीभ चावून तिनं आणखी एक वाटी डाळ ओतून घेतली. चार महिन्यांत ती "आत्या, पाणी गरम व्हायलंय, या की वर" म्हणायला लागली, आणि त्याच गवारवालीनं तिला एक दिवस विचारलं, "माहेर कुठलं म्हणायचं तुमचं?"

इथपर्यंतची आत्या आम्हा सगळ्यांच्या ओळखीची. पुढची मी पहिल्यांदाच पाहिली.

दर रविवारी दुपारी श्रीकांतचा फोन येई, चित्रासकट. नात मीरा तेव्हा सहा वर्षांची. ती पडद्यात नाक घालून "हॅलो ओमा" म्हणे (तिकडं आजीला ओमा म्हणतात) आणि पळे. एका रविवारी श्रीकांत स्वयंपाकघरात होता आणि फोन मीराच्या हातात. तिचं काहीतरी बिनसलं होतं. ती हुंदके देत, नाक पुसत, भराभर जर्मनमध्ये काहीतरी सांगत होती. मी तिथं बसलेलो. आत्यानं डोळे मिटले, फोन कानाला लावला आणि श्वास रोखून ऐकलं. श्रीकांत येऊन फोन घेईपर्यंत पोरगी आजीला सगळं सांगून मोकळी झाली होती. मग श्रीकांतकडून कळलं, प्रकरण साधंच होतं, शाळेतल्या मैत्रिणीनं हिला वाढदिवसाला बोलावलं नव्हतं. फोन ठेवल्यावर आत्यानं मोबाइलचा पडदा पदरानं पुसला. मग म्हणाली, "तीस वर्षं जगाच्या लाइनी जोडल्या रे मी. माझ्या नातीची लाइन मलाच लागंना."

संध्याकाळी ती जिना चढून वर गेली आणि हाइकेला म्हणाली, "आता तू गुरू. मला जर्मन दे. पण मोबाइलवरची नको आणि पुस्तकातली नको. तुझ्या आजीच्या तोंडातली दे." हाइके जर्मनीच्या पार उत्तरेची, समुद्राकाठच्या खेड्यातली. तिची आजी बोलायची ती तिथली गावबोली, शाळेतल्या जर्मनहून वेगळीच. तिनं बिचारीनं सांगून पाहिलं, "आत्या, शाळेत असं नाय बोलत." आत्या म्हणाली, "मला कुठं शाळेत नाव घालायचंय? आजीचीच दे. मी पण आजीच हाय."

मग आठ महिने त्या घरात जे चाललं त्याला तोड नाही. खालून आत्या जर्मन बोले, वरून हाइके मराठी, आणि दोघीही परकी भाषा बोलत असल्यानं चुकल्याचं कुणालाच वाईट वाटत नसे. हाइकेच्या गावाकडं भेटल्यावर 'मोइन' म्हणतात. आत्या रोज सकाळी अंगणातून वर तोंड करून खणखणीत आवाजात "मोइन!" अशी हाक देई, आणि समोरच्या दुकानातून मोईनभाई टेलर गळ्यात टेप घालून धावत बाहेर येत. "जी आपा, मेरेकू बुलाए क्या?" आठवडाभर बिचारे येत राहिले. अर्थ कळल्यावर ते इतके खूश झाले की सगळ्या गल्लीनं एकमेकांना 'मोइन' म्हणूनच भेटावं, असं त्यांनी सुचवून पाहिलं. 'कसं काय चाललंय' याला त्या बोलीत 'वो गाइट दी दात' म्हणतात. आत्यानं ते एका दिवसात पाठ केलं. "थंडीचा मुलुख हाय. दात वाजत असतात. म्हणून दातांचं विचारतात," असा खुलासा तिनं मला केला. तो साफ चुकीचा होता, पण वाक्य मात्र ती कधी चुकली नाही.

आणि मे महिन्यात, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, ती एकटी विमानात बसून तीन महिन्यांसाठी मुलाकडं गेली.

दहा दिवसांनी मला श्रीकांतचा फोन आला. "अरे, आई काय बोलते हे? इथं असं कुणीच बोलत नाही! बेकरीत गेली आणि पाव मागितला, तर तो माणूस हसून हसून आतल्या लोकांना बोलवायला गेला. हिला निम्मं कळत नाही," म्हणजे बायकोला. मी म्हटलं, "तुला आपल्या शेलगावच्या मारुती मामांनी इंग्रजी शिकवलं असतं तर तू असाच बोलला असतास." तो हसला नाही. त्याच्या घरी पाहुणे आले होते, आत्या उत्साहानं बोलायला गेली होती, आणि त्यानं सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "आई, तू इंग्रजीच बोल. लोक हसतात."

त्यानंतर आत्या गप्प झाली. सकाळी उठायची, चहा करायची, खिडकीत बसायची. जर्मन नाही, इंग्रजी नाही, मराठीसुद्धा विचारलं तेवढंच. मी फोन केला तर म्हणाली, "बरी हाय. ठेवते." तीस वर्षांत तिनं कुणाचा फोन इतक्या लवकर ठेवला नसेल. श्रीकांत मनातून खजील झाला होता, पण आईची माफी कुठल्या भाषेत मागावी हे त्यालाही सुचत नव्हतं.

ही कोंडी फोडली मीरानं. तिला मोठ्यांच्या लाजा ठाऊक नव्हत्या. आजीकडं गमतीचे शब्द आहेत आणि ती ते आता देत नाही, एवढंच तिला कळलं होतं. पाचव्या दिवशी ती आजीच्या खोलीच्या दारात उभी राहिली आणि कंबरेवर हात ठेवून ओरडली, "मोइन, ओमा!" आत्यानं तोंड फिरवलं. पोरगी पुन्हा ओरडली. मग घरभर ओरडत सुटली, जिन्यात गेली, जिन्यातून खालीवर ओरडली. खालच्या मजल्यावर एक म्हातारी एकटी राहत होती, नव्वदीच्या घरातली. तिनं दार उघडलं, मीराला विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?" मीरा म्हणाली, "माझ्या आजीनं. ती इंडियातून आली."

म्हातारी कठड्याला धरून एक मजला चढून आली. यापुढचं मला दोघींनी सांगितलं, आत्यानं आणि फोनवर मीरानं, आणि दोघींचं तंतोतंत जुळतं. म्हातारी दारात थांबली आणि भीत भीत म्हणाली, "वो गाइट दी दात?" आत्यानं डोळे मिटले. "आणखी बोला," ती त्याच बोलीत म्हणाली. म्हातारी बोलत राहिली, आणि आत्यानं डोळे उघडून सांगितलं, "तुमचं गाव समुद्राकडचं." म्हातारी तिथंच पायपुसण्यावर उभी राहून रडायला लागली. पन्नास वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीपायी ती दक्षिणेत आली होती. नवरा गेला, बहीण गेली. ज्या भाषेत तिची आई तिला रागवायची ती भाषा तिच्याशी बोलणारं त्या शहरात कुणी उरलं नव्हतं. आत्यानं तिचा हात धरून आत आणलं आणि चहा टाकला.

राहिलेले अडीच महिने रोज चार वाजता म्हातारी वर येई. दोन म्हाताऱ्या बोलत, मीरा मध्ये बसून शाळेतल्या जर्मनच्या हिशोबानं दोघींच्या चुका काढी. आत्या रंगात आली की मराठीत घसरे, आणि म्हातारी तेही मान हलवून ऐकून घेई. श्रीकांत कामावरून लवकर यायला लागला. एके दिवशी तो त्या तिघींच्या मध्ये येऊन बसला आणि म्हणाला, "आई, मलापण शिकव." आत्या म्हणाली, "आधी पंधरा दिवस गप बसून आयकायचं." तो खरोखर बसला. तीच त्याची माफी झाली.

आत्या परतली तेव्हा मीराला मराठी येत होतं, म्हणजे आमच्याकडचं येत होतं. पहिल्या रविवारी फोनवर ती म्हणाली, "आजी, काय करायलीस?" आणि आत्यानं आमच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की आम्ही सगळे उठून बाहेर गेलो. एकांतात बोलायचं होतं त्यांना. पुढं हाइकेच्या नवऱ्याची इथली मुदत संपली. जाताना हाइके इतकी रडली की निरोप द्यायला घरी आलेल्या गवारवालीलाच तिची समजूत घालावी लागली. "व्हय की, येशील परत. माहेर काय सुटतं का?"

यंदाच्या थंडीत श्रीकांत सगळ्यांना घेऊन आला. आम्ही दौलताबादला गेलो. किल्ल्याच्या पायथ्याला पेरूची टोपली घेऊन बसलेल्या बाईशी मीरा हुज्जत घालत होती, "लई कच्चे हायत की ओ!" आणि ती बाई पेरू विकायचे सोडून, ही पोरगी कुठली, अशा नजरेनं माझ्याकडं बघत होती. आत्या चार पावलं पुढं, किल्ल्याकडं तोंड करून उभी. मीरानं पाठीमागून हाक मारली, "आजी!" आत्या वळली नाही. मीरानं पुन्हा मारली. पेरूवालीनं मान वर केली, रस्त्यापलीकडचा रिक्षावाला वळला, पण आत्या तशीच. मीरानं माझ्याकडं पाहिलं. मग धावत जाऊन ती आजीच्या पुढ्यात उभी राहिली, आणि हातातला पेरू पुढं करून, एकेक शब्द सुटा करून, ओठ मोठे हलवून बोलली. आत्या हसली आणि तिनं पेरू घेतला.

डॉक्टरांनी यंत्र दिलंय. ते कपाटात आहे. डावा कान जवळजवळ गेलाय, उजवा अजून थोडा आहे. आम्ही कुणी तिच्यापाशी तो विषय काढत नाही, आणि तीही काढत नाही. शनिवारी ऑफिस सुटल्यावर मी तिच्याकडं जातो, उजव्या बाजूला खुर्ची ओढून घेतो आणि आठवडाभरातलं सगळं सांगतो. कोण भेटलं, कोण काय म्हणालं, कुणाची बदली झाली. पूर्वी ती मधेच डोळे मिटायची. आता उघडे ठेवते, माझ्या ओठांवर. किती पोचतं, मला ठाऊक नाही. मी थांबलो की ती माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणते, "व्हय, मग?" आणि मी पुढचं सांगायला लागतो.