एकमताचे कागद

आईने मला तोंडावर कधी शहाणी म्हटल्याचं आठवत नाही. बी.एस्सी.ला कॉलेजात पहिली आले तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं, आता तरी घरकामाला हात लाव." पुढे एम.एस्सी. झाले, जमिनीच्या पोटात काय दडलंय ते आवाजावरून शोधणाऱ्या एका सर्वेक्षणात नोकरी लागली, तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "जेवणाची सोय काय?" सोय घरचीच निघाली, कारण पहिली नेमणूक थेट आमच्या बुऱ्हाणपुरातच झाली. वडील नोकरीपायी बाहेरगावी असायचे. राजपुरा भागातल्या घरात आई आणि मी दोघीच, आणि दोघी तापट.

आमचा कॅम्प एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये होता. एका खोलीला कूलर लावून त्यात संगणक बसवलेला. उन्हाळ्यात आमच्यापैकी जो तो काही ना काही निमित्त काढून त्या खोलीत घुसायचा. संगणकाला आमच्याबद्दल काय वाटायचं कोण जाणे, पण त्याच्याएवढं आरामात त्या गावात कोणीच राहत नव्हतं.

काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. तापीकडून तुकईथडपर्यंत एक सरळ रेषा आखलेली होती. रेषेवर खड्डा घेऊन लहानसा बार उडवायचा. आवाज खाली जातो, एखाद्या थरावर आपटतो आणि परत येतो. तो ऐकायला जमिनीत रांगेने यंत्रं खोचलेली असतात, त्यांना आम्ही कानच म्हणायचो. जवळच्या कानाला आवाज आधी पोचतो, लांबच्याला उशिरा. किती उशिरा, हे खडकातून आवाज किती वेगाने धावतो त्यावर ठरतं, आणि गोची अशी की तो वेग कोणालाच माहीत नसतो. मग एक वेग अंदाजाने धरायचा आणि प्रत्येक कानाचा उशीर वजा करून बघायचा. अंदाज बरोबर असला तर सगळे कान एका क्षणी एकच गोष्ट बोलतात. चुकला तर नुसता बाजार. संगणक असे शेकडो अंदाज करायचा आणि कुठल्या वेगाला किती एकमत झालं, ते कागदावर छापून द्यायचा: आवाज परतायची वेळ वरून खाली, वेग डावीकडून उजवीकडे वाढता. एकमत जितकं जास्त, तितका डाग काळा. मी त्या डागावर लाल पेन्सिलीने फुली मारायची. कॅम्पात त्यांना एकमताचे कागद म्हणत.

तुकईथडच्या रेषेचे सगळे कागद साहेबांनी माझ्या एकटीच्या हवाली केले. साहेब परप्रांतातले, रिटायरमेंटला टेकलेले, हिंदीत बोलायचे आणि हिंदीतच सुस्कारे टाकायचे. ते म्हणाले, "मॅडम, यह लाइन अच्छी निकालो, तो बड़े सेंटर भेज दूँगा." बड़ा सेंटर म्हणजे दूरचं मोठं शहर, मोठाले संगणक आणि मला हवं तसं आयुष्य. मला तिथे जायचंच होतं. इतकं, की घरी मी त्याचा विषयही काढत नव्हते.

न काढून उपयोग नव्हता. आईला वास लागला आणि तिने माझ्यासाठी गावातच एक स्थळ काढलं. मुलगा शाळेत शिकवणारा, घर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. चौकशी सुरू झाली. आईची चौकशी म्हणजे पोलिसांनी शिकून जावं अशी. तिने पाच बायका कामाला लावल्या, एकीला दुसरीचा पत्ता नाही. शेजारच्या काकू, माझ्या जुन्या शाळेतल्या बाई, आईची चुलत बहीण, आमची भाजीवाली आणि तुकईथडची मोठी आत्या.

इकडे माझं नशीब उघडलं होतं. कागदामागून कागद काढला, अर्ध्या सेकंदाला एक काळा डाग आणि त्याच्या खाली एका सेकंदाला दुसरा, काळा कुळकुळीत. इतकं एकमत मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, घरी तर नाहीच. शेजारी उजवीकडे एक फिकट पुसट डाग दिसायचा, पण काळा सोडून फिकट्याकडे कोण बघतं? मी फटाफट फुल्या मारल्या. त्या वेगाने हिशेब करून जमिनीचा उभा छेद काढला, तर खोलवर एक थर असा साफ उमटला, की साहेब खुर्चीतून उठले. त्यांनी कॅम्पभर मावा जिलेबी वाटली आणि छेद वरच्या ऑफिसला पाठवला. सोबत माझी शिफारस.

घरी आईच्याही साक्षी जमा होत होत्या. काकू म्हणाल्या, मुलगा पहाटे उठून आईला चहा करून देतो, वर कपसुद्धा विसळून ठेवतो. शाळेतल्या बाईंनी तेच सांगितलं, कपासकट. चुलत बहीण, तेच. भाजीवाली, तेच. आई हरखली. "चार जणी चार बाजूनं सांगून राहिल्या आणि कपापर्यंत जमून राहिलं. अजून काय पाहिजे तुले?"

खरं सांगते, एकमतावर भरवसा ठेवायचा, माझाच धंदा तो.

रविवारी तुकईथडहून मोठी आत्या केळीचा घड घेऊन आली. आमचे कान तिच्याच बागेतून गेले होते, त्यामुळे सर्वेक्षणाची आपणच मालकीण आहोत असं तिला वाटायचं. पाणी प्यायच्या आधी ती म्हणाली, "पोरगा हिरा हाय. पहाटे उठून मायले चहा देते आणि कपसुद्धा विसळून ठेवते."

माझं डोकं सटकलं. "आत्या, तू तुकईथडला राहतेस. त्याला कप विसळताना तू कधी पाहिलंस?"

"मी कुठून पाहीन वो बाई? त्याच्या मामीनं सांगितलं. मी बांगड्या भरून राहिली होती ना तिच्याकडे."

इतवारा भागात बांगड्यांचं एक दुकान होतं आणि ते मुलाच्या मामीचं होतं. लग्नसराईचे दिवस, अख्खं गाव तिथे बांगड्या भरायला. हात मामीच्या मुठीत अडकलेला, कान मात्र मोकळे. मी तशीच चप्पल घालून काकूंकडे गेले, बाईंकडे गेले, आईच्या बहिणीकडे गेले, भाजीवालीला बाजारात गाठलं. सगळ्यांच्या मनगटांवर नव्या बांगड्या होत्या.

विजयी मुद्रेने घरी आले आणि आईला म्हणाले, "पाच नाहीत, एकच आहे. एकच मामी पाच वेळा ऐकू आली. एकमत झालं म्हणून खरं होत नाही, आई!"

हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मला माझेच कागद आठवले. अर्ध्या सेकंदाला डाग आणि बरोबर दुप्पट वेळेला पुन्हा डाग. आणि दोन्हींचा वेग एकच. खोल जावं तसा खडक घट्ट होतो, आवाज जोरात धावायला हवा. माझा आवाज खोल गेलाच नव्हता. वरच्याच थरावर आपटून वर आला, जमिनीच्या पाठीवर आपटून पुन्हा खाली गेला आणि पुन्हा तेच सांगत परतला. साहेबांनी जिलेबी वाटली ती मामीच्या नावाने. खरा खोलचा थर तो फिकट डाग होता, आणि मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

आईने खोदून खोदून विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "आता साहेबांना कळलं तर मोठं सेंटर गेलंच समज. आणि न सांगितलं तर कोणाला कळायचं नाही."

आई घडातली केळी सोडवत होती. मी साहेबांना सांगितलं तर तिला हवं तेच होणार होतं. मी इथेच राहणार होते, हाकेच्या अंतरावर, विसळलेल्या कपाच्या घरात. तिने घड बाजूला ठेवला.

"मले त मोठ्या तोऱ्यात सांगून राहिली होती, पाच नाही, एकच हाय म्हणून. आता सायबाच्या समोर जिभेले काय झालं? उद्या जाऊन सांग."

मला तिचा भयंकर राग आला. तिचं बरोबर होतं म्हणून जास्तच.

सोमवारी साहेबांसमोर उभी राहिले आणि एका दमात बोलून टाकलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, चहा मागवला, चहा आल्यावर आणखी एक चहा मागवला. मग पट्टी घेऊन स्वतः डाग मोजले. "बिल्कुल डबल," ते पुटपुटले, आणि असा सुस्कारा टाकला की टेबलावरचे कागद हलले. "मॅडम, यह आप मेरे रिटायर होने के बाद नहीं बता सकती थीं?"

वरच्या ऑफिसला छेद परत मागवण्याचं पत्र त्यांनी माझ्याच हस्ताक्षरात लिहून घेतलं. पुढचे तीन आठवडे मी एकेक कागद पुन्हा काढला आणि त्या फिकट डागांवर फुल्या मारल्या. नवा थर निघाला, तो मळका, तुटका, कोणी जिलेबी वाटावी असा नव्हताच. साहेब माझ्याशी कामापुरतंच बोलत. मोठ्या सेंटरची आशा मी सोडून दिली होती, आणि एक दिवस तिथल्याच बदलीचा हुकूम आला. शिफारशीत त्यांनी एकच ओळ घातली होती: चूक यांनीच केली आणि यांनीच पकडली.

त्या मुलाबद्दल एवढंच, की त्याचं लग्न झालं आणि तो खरोखर कप विसळतो असं पुढे त्याच्या बायकोकडून कळलं. मामी खोटं बोलत नव्हती. फक्त एकटी होती.

निघताना स्टेशनवर आईने डबा दिला आणि "पोचल्याचं पत्र टाक," एवढंच म्हणाली. माझे डोळे भरून आले, तर म्हणते, "डब्याचं झाकण नीट लाव."

महिनाभरात मला पत्रं येऊ लागली. काकूंचं, शाळेतल्या बाईंचं, आईच्या बहिणीचं. भाजीवालीने कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं. शेवटी तुकईथडहून आत्याचं. पाचही पत्रांत शब्दाला शब्द जुळत होता: पोरगी जमिनीच्या पोटातलं ऐकते, आणि चुकली तर सायबाच्या तोंडावर सांगते, एवढी हिंमत आपल्या घरात कोणाची नाही.

सहावं पत्र आईचं होतं. त्यात लिहिलं होतं, "तब्येत सांभाळ. जेवणाची सोय काय?"

मी पाच पत्रं एकावर एक ठेवली, ज्याचा त्याचा उशीर मनातल्या मनात वजा केला, आणि आईचा आवाज मला अगदी स्वच्छ ऐकू आला.