शकूचा चिंतामणी रंग

मनाली, मी सांगते तसं लिही. माझी नणंद शकू, सत्तावीस वर्षं घाटकोपरच्या मॅचिंग सेंटरात, साडीवरच्या ब्लाउजपिसांच्या दुकानात, कामाला. साडी एकदा बघायची, शिडी चढायची आणि कापडाच्या पाचशे ताग्यांतनं तोच रंग काढायची. मग तागा आणि साडी बाहेर उन्हात नेऊन शेजारी धरायची, तेव्हाच कात्री.

यंदा दिवाळीनंतर तीनदा चुकली. निळ्यातल्या चिंतामणी रंगाचं कापड एक गिऱ्हाईक बाई घरी घेऊन गेली नि जुळत नाही म्हणून परत घेऊन आली. मालक श्यामकांतभाऊ म्हणाले, "शकूबाई, आता चुकलात तर घड्या घालायला बसा." शकूची आई शेवटी पोरांनाही ओळखत नव्हती. आपलंही तसंच होतंय, असं शकूने मनात घेतलं. जेवेना.

खालच्या मजल्यावरची तेजल कॉलेजात मेंदूचं शिकते. म्हणाली, "मावशी, आमच्या मशीनमध्ये ये. रंग समोरून गेला की डोकं तो कसा धरून ठेवतं, त्याचे फोटो निघतात. आजाराचं मी सांगू शकणार नाही हां. पण रंग लक्षात राहतो का, ते कळेल."

आत धातू चालत नाही. जोडवी निघेनात, साबण लावून काढली. शकू नळकांड्यात सरकली, मी काचेबाहेर. आत पत्रा बडवल्यासारखा आवाज. पडद्यावर रंगीत चौकोन यायचे, जायचे, परत यायचे. रंग बदलला असेल तर बटण दाबायचं. दाबत होती, आणि मधेच थांबली. एक फेरी गेली, दोन गेल्या, तीन. मी काचेला नाक लावलं.

तेजल माइकवर म्हणाली, "मावशी, बरी आहेस ना?"

"बरी आहे गं. बदललाच नाही तर दाबू कशाला?"

तेजलने यादी बघितली. खरंच बदलला नव्हता.

शकू बाहेर आल्यावर तेजल म्हणाली, "साठात तीन चुका. माझ्या वर्गातली पोरं नऊ करतात."

शकू हसली नाही. "मग दुकानात काय होतं मला?"

गेटबाहेर उन्हात आलो आणि ती थबकली. पदर ब्लाउजला लावला. "वहिनी, हा मीच दिवाळीनंतर काढलेला. दुकानात दोन्ही एक दिसत होते. बघ आता."

ब्लाउज लालसर झाक मारत होता. दिवाळीला दुकानात नवे पांढरे दिवे लागले. त्याच सुमारास दारापुढे गटार खणून वर फळी टाकली, तेव्हापासून ही फळीवरून बाहेर जायला घाबरायची. दिव्याखालीच कापायची.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गेले. शकू साडी आणि तागा घेऊन फळीवर चढली.

"अहो, पडाल," श्यामकांतभाऊ म्हणाले.

"मग हात धरा."

धरला त्यांनी. पलीकडे उन्हात तिने दोन्ही शेजारी ठेवलं, नीट बघितलं आणि तागा त्यांच्या हातात दिला.

"हा नाही, भाऊ. याच्या खालचा आणा."

मालक तागा घेऊन फळीवरून परत गेले.