वाळूत रुतलेला शब्द

सौदी अरेबियातल्या यान्बू शहराच्या वाचनालयात दर शनिवारी मी लहान मुलांना सुपरहिरोंच्या गोष्टी सांगायची. पुढे नव्या नियमानं माझी जागा परदेशी माणसाऐवजी स्थानिक माणसाला द्यायचं ठरलं आणि काम शिकायला माझ्याकडे एक सौदी मुलगी आली. तीन आठवडे ती कोपऱ्यात बसून वहीत टिपणं काढत होती. बोलायची नाही, नुसती अंगातल्या काळ्या, पायघोळ अबायाच्या बाहीशी चाळा करत राहायची. मला वाटलं, घमेंड आहे.

माझ्या शेवटच्या शनिवारी गोष्ट तिनं सांगायची होती. मी तिच्या पाठीवर लाल केप बांधत असताना ती हळूच म्हणाली, "मी अडखळते. ‘ब’ आला की जीभ हलतच नाही."

"मग ही नोकरी का घेतलीस?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मुलं आवडतात म्हणून."

गोष्ट छान रंगली आणि ‘बतल’ हा शब्द आला. अरबीत बतल म्हणजे शूरवीर. ती अडकली. "ब... ब..." एक पोरगी खुदकन हसली. गोष्ट पुरी करायला मी उठले, तर तिनं हात वर करून मला थांबवलं आणि मुलांकडे वळली.

"गाडी वाळूत रुतते ना, तसा माझा शब्द रुतलाय. सगळ्यांनी मिळून ढकला. यल्ला, चला!"

"बतल!" वीसेक पोरं एकदम गरजली आणि तिचाही शब्द सुटला.

मग मुलं तो शब्द पुन्हा कधी अडकतो याचीच वाट बघू लागली. तिसऱ्यांदा तो अडकला तेव्हा भिंतीशी उभी राहून सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडले. माझी जागा गेली आहे, हे त्या क्षणी माझ्या ध्यानातही नव्हतं.